मार्था सिस्टरची साक्ष

भर दुपारी मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते आणि शमुवेलभाऊ फाटकाशी येऊन उभे राहिले. हातात मेडिकलमधून नुकतीच आणलेली गोळ्यांची पट्टी होती. शेजार इतका जुना की फाटक उघडून आत यायला त्यांना कधी विचारावं लागलं नाही, पण त्या दिवशी ते बाहेरच थांबले. म्हणाले, "बाई, मार्था गोळी घेऊन नाही राह्यली." मला वाटलं, कंटाळली असेल बिचारी. शेवटच्या दिवसांत पाण्याचा घोटही तिला जड जायचा. मी सूप बाजूला सारत म्हणाले, "चला, मी येते. माझं ऐकेल ती." ते जागचे हलले नाहीत. "तसं नाही बाई... तोंडच उघडून नाही राह्यली," असं म्हणून त्यांनी फाटकाच्या सळईला कपाळ टेकवलं. तेव्हा मला कळलं. आणि त्याच वेळी हेही लक्षात आलं की या माणसाच्या तोंडून 'मार्था' हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकत होते. आपल्या बायकोचं नाव त्यांनी टाकून दिलं होतं.

त्याला आता काही आठवडे झाले. गावात शोकसभा झाली. 'रुग्णांची माउली', 'सेवेची मूर्ती' वगैरे जे म्हणायचं असतं ते म्हणून झालं. ते खोटं नाही. पण अर्ध्या खऱ्या गोष्टींचा मार्थाला फार त्रास व्हायचा, आणि तो का व्हायचा हे ज्यांना ठाऊक होतं ते त्या सभेत मूग गिळून बसले होते. म्हणून मी लिहायला बसले आहे. तिनं स्वतः भर चर्चमध्ये उभं राहून जे सांगितलं तेच इथे सांगते आहे, तिचं कुठलं गुपित फोडत नाही.

खामगावात आमची दोघींची घरं एकाला एक लागून, मधे कमरेएवढी भिंत. ती एका दवाखान्यात सिस्टर, मी शाळेत मास्तरीण. तिचं घर ख्रिस्ती, माझं बौद्ध. शमुवेलभाऊ एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आणि चर्चमध्ये ढोलकी वाजवायचे. नाताळात तिच्याकडून करंज्या यायच्या, बुद्धपौर्णिमेला माझ्याकडून खीर जायची, आणि मधल्या सगळ्या महिन्यांत आम्ही भिंतीवर कोपरं टेकवून भांडायचो. मला तिच्या धर्मातली एकच गोष्ट कधी पटली नाही, ती म्हणजे माफी. माणसानं काहीही करावं, मग देवापुढे रडावं, की झालं? आमच्या घरी बापानं शिकवलं होतं, जे पेराल ते कापाल, त्यात कोणाची मध्यस्थी चालत नाही. मी तिला चिडवायची, "तुमचा देव मास्तर झाला असता ना मार्था, तर वर्गातली सगळी पोरं पास." ती हसून म्हणायची, "नापास पोट्ट्यांसाठीच त आला वो तो, बाई." हे तिचं जुनं हसणं. पुढे ते कमी कमी होत गेलं.

त्यांना लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली. रिबेका. आम्ही सगळे रिबी म्हणायचो. सावळी, मोठ्या कपाळाची, बडबडी. गणिताला माझ्याकडे यायची आणि गणित सोडून सगळ्या कॉलनीच्या बातम्या सांगायची. तिला लहानपणापासून फिटा यायच्या. एकदा माझ्याच ओट्यावर फिट आली, तेव्हा मार्था भिंत ओलांडून अशी आली की मला तिचं पाऊल दिसलंच नाही. तिनं पोरीला कुशीवर वळवलं, मानेखाली पदर घातला आणि अगदी शांत आवाजात मला म्हणाली, "घाबरू नोका बाई, कांदाबिंदा हुंगवू नोका, फक्त हवा येऊ द्या." नंतर अकोल्याच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. मार्था रोज सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हातानं गोळी द्यायची. हळूहळू फिटा थांबल्या. रिबी शाळेच्या शर्यतीत धावायला लागली.

आता एक गोष्ट समजावून सांगायला हवी. इथल्या ख्रिस्ती मंडळींत संजीवन सभा भरतात. मैदानात मांडव पडतो, बाहेरगावचे प्रचारक येतात, खेड्यापाड्यांतून लोक शिदोऱ्या बांधून येतात. त्यात 'साक्ष' द्यायची पद्धत असते. देवानं आपल्यासाठी काय केलं, ते माणसानं उभं राहून चारचौघांत सांगायचं. साक्ष देणं फार मानाचं, आणि दिलेली साक्ष म्हणजे देवासमोर दिलेला शब्द. त्या वर्षी मार्था उभी राहिली. मी तिथं नव्हते, पण दुसऱ्या दिवशी तिनंच मला उजळलेल्या चेहऱ्यानं सांगितलं की माझ्या लेकीला देवानं बरं केलं असं मी सांगितलं आणि अख्खा मांडव रडला. मी म्हणाले, "आणि गोळ्यांचं सांगितलंस का?" ती म्हणाली, "जाऊ द्या न बाई, तुम्ही बी." मी ते तिथंच सोडून दिलं. आमचं नेहमीचं भांडण, त्यातलंच एक, असं मला वाटलं.

पुढचं मला कळायला पुष्कळ वर्षं जावी लागली. सभेच्या शेवटच्या दिवशी जेवणाच्या पंगतीत एका बाईनं तिला विचारलं होतं, "सिस्टर, पोट्टी बरी झाली त मंग गोळी काऊन देता? भरोसा नाही काय?" त्या बाईच्या मनात काही वाईट नव्हतं. सहज विचारलं तिनं. पण मार्थानं हातातला घास ताटात परत ठेवला. मांडवात देवाचं नाव घेऊन सांगितलंय की बरी झाली, आणि घरी जाऊन तिच्या तोंडात गोळी घालायची, म्हणजे साक्ष खोटी. त्या संध्याकाळी तिनं गोळीची बाटली उचलून कपाटावर, मागच्या बाजूला ठेवली. ही गोळी एकदम बंद करायची नसते, हे तिला ठाऊक होतं. तोच धडा ती रोज वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांना शिकवायची, चुकले तर झापायची. अडाण्यानं चूक केली तर लोक त्याला अडाणी म्हणून सोडून देतात. मार्थाला तीही सोय नव्हती.

पहिले काही दिवस काहीच झालं नाही, आणि ते काही न होणंच तिला देवाचं उत्तर वाटलं. मग जळगाव जामोदला तिच्या भाच्याचं लग्न निघालं. हळदीच्या दिवशी, भर गर्दीत, रिबीला फिट आली. ती थांबते न थांबते तोच दुसरी, मग तिसरी... पोर शुद्धीवर येईचना. तिथल्या डॉक्टरांच्या दाराला कुलूप. कोणाची तरी जीप मिळाली. मागच्या सीटवर मार्था लेकीला कुशीवर धरून बसली, तोंडातला फेस पदरानं पुसत, नाडी बघत. शमुवेलभाऊ पुढे ड्रायव्हरजवळ मोठ्यानं प्रार्थना करत होते. नांदुऱ्याच्या अलीकडे नाडी लागेनाशी झाली. मार्थानं ते कोणाला सांगितलं नाही. खामगाव येईपर्यंत मेलेल्या लेकीचं तोंड पुसत बसली. दवाखान्याच्या दारात जीप थांबल्यावर एवढंच म्हणाली, "ताप मेंदूत गेला." सिस्टरच म्हणते म्हटल्यावर विचारणार कोण? सगळ्यांनी तेच धरलं. मीही तेच धरलं.

मातीच्या दिवशी पाळकसाहेब म्हणाले, देवानं दिलं, देवानं नेलं. शमुवेलभाऊंनी ते वाक्य असं घट्ट धरलं की त्याच्याच जोरावर ते पुन्हा उठले, कामावर गेले, ढोलकीला हात लावला. 'देवाची मर्जी' म्हटलं की त्यांना थोडी झोप लागायची. मार्थाच्या लक्षात आलं की खरं सांगितलं तर नवऱ्याजवळची तेवढी एक गोष्टही आपण काढून घेऊ. म्हणून ती गप्प राहिली. असं ती पुढे म्हणायची, आणि लगेच म्हणायची, "तसं नाही वो बाई. मले शरम वाटे. त्यांचं नाव मी नुसतं पुढं केलं."

ती गप्प राहिली, पण साक्ष काही गप्प राहिली नाही. प्रचारक ती गावोगाव सांगत फिरले. फिरता फिरता ती वाढली. खामगावच्या सिस्टरनं गोळ्या फेकून दिल्या आणि पोरगी खणखणीत झाली, अशी झाली. पोरगी मेली, हे त्यात कुठंच नव्हतं. इकडे मार्था दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ड्यूटी मागून घ्यायला लागली. त्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. भाकरीचे बारीक तुकडे आणि द्राक्षाचा रस ताटातून फिरतो, आणि ते घेण्याआधी माणसानं आपलं मन तपासायचं असतं. दवाखान्यातल्या पोरी म्हणायच्या, सिस्टर किती चांगल्या, आमचे रविवार स्वतःवर घेतात. बाकी सगळ्या रविवारी ती चर्चमध्ये असायची, फक्त तेवढा चुकवायची. आणि पेशंटच्या गोळ्यांसाठी ती इतकी कडक झाली की सुट्टी झालेल्या लोकांच्या घरी जाऊन डब्बे उघडून बघायची. लोक तिला वचकून असत. मीही कधी कधी म्हणायची, "अगं, माणसं आहेत ती, जरा गोड बोल." ती ऐकल्यासारखं करायची आणि पुढच्या घरी जायची.

अशी बरीच वर्षं गेली. रिबी असती तर नोकरीला लागली असती, इतकी. एका सकाळी आम्ही मार्थाच्या ओट्यावर मेथी निवडत होतो तेव्हा एक बाई पत्ता विचारत आली. बीबी गावाकडची होती, दोन एसटी बदलून आलेली. सोबत तरणी लेक, डोळे जड, चालताना आईचा दंड धरलेला. बाईनं आल्या आल्या मार्थाचे पाय धरले. "सिस्टर, आमच्याकडं सभेत तुमच्या लेकीचं ऐकलं. माझ्या लेकीसाठी बी तशी प्रार्थना करा. आम्ही बी गोळ्या बंद केल्यात, तुमच्यावाणी." आणि मग, अगदी घरच्या माणसासारखं, कौतुकानं तिनं विचारलं, "तुमची लेक आता सासरी असंल न? कुठं दिलीत तिला?"

मार्थाच्या हातात मेथीची जुडी होती. ती तिनं खाली ठेवली. "मेली वो ती," मार्था म्हणाली. "गोळी बंद केली म्हणून मेली. मीनंच बंद केली." बाईला काही कळेना, ती माझ्याकडे बघायला लागली. मला तरी काय कळत होतं? मार्था उठली, त्या पोरीचा हात धरला, दोघींना घेऊन रिक्षानं सरकारी दवाखान्यात गेली, गोळ्या परत सुरू करून दिल्या आणि पोरीजवळ स्टुलावर बसून राहिली. मी संध्याकाळी डबा घेऊन गेले तेव्हा तिथंच, त्या स्टुलावर बसून तिनं मला सगळं सांगितलं. पंगतीतली बाई, कपाटावरची बाटली, जीप. मी तिचा हात धरायला हवा होता, पण मला ते जमलं नाही, डबा मांडीवर घेऊन तशीच ऐकत राहिले. रिबी माझ्याकडे गणिताला यायची हो. मला मार्थाची दया आली आणि तिचा संतापही आला, आणि ते दोन्ही एकमेकांपासून वेगळं करता येईना.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये कापणीचा सण होता. शेतातलं पहिलं पीक देवाला आणून द्यायचा दिवस. वेदीपुढे ज्वारीची कणसं, कापसाची बोंडं, भोपळे, वांगी यांचा ढीग. नंतर त्याचा लिलाव होतो, आणि मला भोपळा घ्यायला आवडतं म्हणून मी दर वर्षी जायची. गाणं संपलं, पाळकसाहेबांनी विचारलं, "कोणाला साक्ष द्यायची आहे?" मार्था उभी राहिली. लोकांचे चेहरे खुलले, इतक्या वर्षांनी सिस्टर बोलणार म्हणून. ती कुठंही न अडखळता बोलली, वॉर्डात रिपोर्ट द्यावा तशी.

"मी मांडवात सांगतलं होतं का माही रिबी देवानं बरी केली. रिबी गोळीनं बरी होती. गोळी मीनंच देत होती. मंग साक्ष खरी करासाठी मी ते बंद केली. ताप नव्हता आला तिले. ते झटक्यानं गेली, माह्या हातानं गेली. देवाची मर्जी म्हणू नोका आता. ते माहं काम होतं. आन् माही साक्ष ऐकून कोणाच्या घरी गोळी बंद असंन, त आज जाऊन चालू करा." एवढं बोलून ती खाली बसली.

शमुवेलभाऊ ढोलकी मांडीवर घेऊन समोरच बसले होते. त्यांनाही हे त्याच वेळी, सगळ्यांच्या बरोबर कळलं. घरी आधी सांगितलं असतं तर आपलं तोंड पुन्हा बंद झालं असतं, असं मार्थाला वाटलं होतं. ही तिची दुसरी चूक, आणि मी तिला तसं सांगितलंही. भाऊंनी ढोलकी बाजूला ठेवली. आवाज होऊ नये म्हणून अगदी हळू ठेवली. उठले, मधल्या वाटेनं चालत बाहेर गेले.

त्या दिवसापासून ते मार्थाशी बोलले नाहीत. घर सोडलं नाही, पगार घरातच दिला, भाजी आणली, दळण आणलं, पण शब्द नाही. "बाई, तिले सांगा, नळ येऊन गेला." "बाई, तिले सांगा, मी मलकापूरले चाललो." मी त्या घराची पोस्टमन झाले. भिंतीपलीकडे चार हातांवर ती उभी असायची आणि मी मान वळवून तिला सांगायची, "नळ येऊन गेला म्हणे." सुरुवातीला याचं हसूही यायचं. हसता हसता एकदा मार्था ओट्यावर बसून हमसून हमसून रडली, तेव्हापासून मी हसणं सोडलं.

चर्चच्या पंचांनी बैठक घेतली. खोटी साक्ष दिली म्हणून मार्थाला वर्षभर प्रभुभोजन बंद केलं. माझं डोकं फिरलं. खोटं चाललं होतं तोवर गावोगाव उदो उदो, आणि खरं बोलली तर शिक्षा! मी पंचांच्या घरी जाऊन भांडायला निघाले होते. मार्थानंच अडवलं. "बसू द्या मले मांगं. येवढे वर्सं मी पळूनच जात होती, आता बसून पाह्यते." आणि खरंच, वर्षभर प्रत्येक पहिल्या रविवारी ती चर्चमध्ये गेली, ताट समोरून जाताना बघत बसली. शिक्षा संपल्यावर पहिल्यांदा भाकर घेतली त्या दुपारी ती भिंतीशी आली आणि म्हणाली, "बाई, भाकर आहे काय तुमच्याकडे? लय भूक लागली." माझ्याकडे सकाळच्या ज्वारीच्या भाकरी होत्या आणि ठेचा. उभ्या उभ्या, भिंतीवर ताटली ठेवून ती जेवली. रिबी गेल्यापासून तिला असं जेवताना मी पाहिलं नव्हतं. मी विचारलं, जरा तिरकसच विचारलं, "मिळाली का मग माफी? संपलं सगळं?" ती घास चावत म्हणाली, "माफी भेटली. संपलं नाही काही. रिबी थोडीच वापस आली?" मग थोड्या वेळानं, "पह्यले मले तिचा चेहरा आठवेच नाही बाई, कपाटावरची शिशीच दिसे. आता चेहरा दिसते." मी तिला आणखी अर्धी भाकर वाढली.

तिनं भाकर घ्यायला सुरुवात केली आणि भाऊंनी सोडली. प्रभुभोजनाआधी पाळक सांगतात की कोणाबद्दल मनात वैर असेल तर आधी समेट करा, मग या. भाऊ ते ऐकायचे आणि बसल्या जागी बसायचे. ताट आलं की पुढे द्यायचे. एकदा मी त्यांना स्पष्टच विचारलं, किती वर्षं असं चालायचं? ते म्हणाले, "बाई, मनात आग हाये. वरून हात पुढं करू काय? तिनं देवासंग खोटं केलं, मी बी करू?" माणूस दगडासारखा होता, पण खोटा नव्हता.

मग मार्थाच्या पोटातलं दुखणं निघालं. कॅन्सर, आणि तोही फार पुढे गेलेला. अकोल्याहून परत पाठवली. तिचं सगळं भाऊंनीच केलं. अंग पुसणं, कूस बदलणं, चादरी धुणं. दुसऱ्या कोणाला, मलाही, फारसं करू दिलं नाही. आणि ठरलेल्या वेळी हातात पाणी घेऊन ते पलंगाजवळ जायचे आणि एकच शब्द बोलायचे, "गोळी." इतक्या वर्षांनी नवऱ्यानं तिच्याशी बोललेला तेवढाच शब्द. ती निमूट तोंड उघडायची. मी एकदा न राहवून तिला म्हणाले, "सेवा करतात की सूड घेतात गं हे?" मार्था डोळे मिटूनच हसली. "सूडच असंन. पण टायमावर घेऊन राह्यले न." मग म्हणाली, "त्यांचं काही चुकलं नाही बाई. मीनं एकदम लय काढून घेतलं त्यांचं."

पाळकसाहेब घरी येऊन तिला भाकर द्यायचे. शेवटच्या वेळी ते आले तेव्हा मी तिथंच होते. त्यांनी भाऊंनाही हाक मारली. भाऊ दारापर्यंत आले, उंबऱ्यावर थांबले, पलंगाकडे बघितलं आणि परत अंगणात जाऊन सायकल पुसत बसले. पाळकसाहेबांना वाईट वाटलं. मार्था म्हणाली, "राहू द्या. त्यायले जबरदस्ती नोको." तुकडा तिला गिळवेना, पाण्यात भिजवून द्यावा लागला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी भाऊ माझ्या फाटकाशी आले, ते मी सुरुवातीला सांगितलं.

मार्था गेल्यावर भाऊ रोज संध्याकाळी माझ्या अंगणात येऊन बसायला लागले. मी माझी कामं करायची. एक दिवस म्हणाले, "आता बोलावं वाटते बाई. घरात गेलो का तोंडावर येते, मार्था, हे कर, मार्था, ते कुठं ठेवलं... येवढे वर्सं ती होती त मी बोल्लो नाही. तिनं मले माफ केलं असंन काय?"

मी जन्मभर वर्गात आणि भिंतीवर कोपर टेकवून सांगत आले की केलेलं भोगावं लागतं. हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत भोगत होता, आणि मला त्यात कुठलाही न्याय झाल्यासारखं वाटेना. मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाले, "ती तुमच्यावर रागावलीच नव्हती भाऊ. माफ कशाला करायचं?" त्यांनी मान हलवली. "तसं नाही चालत. चूक झाली त चुकीले माफीच लागते. ती गेली. आता कोण देईन?"

मला राग आला. त्यांचा नव्हे, सगळ्याचाच आला. मी म्हणाले, "भाऊ, मागायचं झालं तर माझ्याकडे मागायला वर कोणी नाही. मी तशीच वाढले, तशीच मरेन. तुमच्याकडे आहे ना कोणी? मग मागा की! तिनं मागितली तेव्हा तिला मिळाली, हे मी या भिंतीवर माझ्या डोळ्यांनी बघितलंय." माझ्या तोंडून हे निघालं याचं मलाच नवल वाटलं. मार्था असती तर तिनं मला वर्षभर सोडलं नसतं.

परवाच्या पहिल्या रविवारी भाऊ म्हणाले, "तुम्ही सोबत याल काय?" मी गेले. आमच्या इथल्या चर्चमध्ये अजून बाया डाव्या हाताला बसतात, माणसं उजव्या. मी मार्थाच्या बाकावर जाऊन बसले. तिची कडेची जागा रिकामी होती, तिथं कोणी बसलं नव्हतं. भाऊ थोडा वेळ मधल्या वाटेत उभे राहिले आणि मग सरळ बायांच्या बाजूला येऊन त्या जागेवर बसले. मागे कुजबुज झाली. कोणी उठवलं नाही.

पाळकसाहेबांनी समेटाचं वाचलं. ताट निघालं. हातोहात बाकावरून सरकत माझ्यापर्यंत आलं. मला ते घ्यायचं नव्हतं, माझं ते नाही. मी ताट उचललं आणि भाऊंपुढे धरलं. ते ताटाकडे बघत बसले. हात गुडघ्यांवर तसेच. पुढच्या बाकावरचे लोक मान वळवून बघायला लागले, पाळकसाहेब पुढचं वाचता वाचता थांबले. पितळी ताट जड होतं, मी दुसरा हातही खाली लावला. मी ते मागे घेतलं नाही. मनात म्हटलं, घे बाबा, घे... कोण जाणे कोणाला म्हटलं.

शेवटी त्यांनी हात पुढे केला. एक तुकडा उचलून तळहातावर ठेवला, आणि इतक्या वर्षांनी पाहिल्यासारखा निरखून बघितला.

"बाई," ते हळूच म्हणाले, "एवढुसाच असते काय हा?"

"एवढाच असतो," मी म्हणाले.

त्यांनी तो तोंडात घातला.